तांबीची डावी बाजू

कुत्र्याचं आणि माझं कधी जमलं न्हाय, हे आधीच सांगून टाकतो. ल्हानपणी राधानगरीकडं आमच्या शेतात एकानं माझी पोटरी धरलती. तेव्हापासनं कुत्रं दिसलं की माझा हात आपसूक दगड शोधायला लागतो. आणि नशिबी शेजार कुणाचा आला? निशाचा!

मी बनाबाई. कसबा बावड्यात माझी पिठाची गिरणी हाय. माझं मालक गेल्यापासनं मीच चालवतो. आमच्याकडं बायका बी 'आलो, गेलो' असंच बोलतात, तेव्हा लांबच्या पावण्यांनी बिचकू नये, बाईच बोलतीया. गिरणीला लागून, एका भिंतीपलीकडं, बाबासोचा फोटो स्टुडिओ. दोन्ही दुकानांच्या म्होरं एकच फरशीचा कट्टा, त्यामुळं तिकडचं बोलणं हिकडं आणि हिकडचं पीठ तिकडं, असं तीस वर्षं चाललंय. निशा ही बाबासोची एकुलती एक लेक. तिची आई अंजना म्हणजे माझी जिवाभावाची मैत्रीण. ती गेली तेव्हा निशा कॉलेजात हुती. तेव्हापासनं त्या पोरीवर ओरडायचा हक्क माझ्याकडं आला, आणि तो मी एक दिवस वाया घालवलेला न्हाय.

निशाच्या डाव्या गालावर, कानापासनं हनुवटीपर्यंत, जन्मापासनचा जांभळट डाग हाय. दुखत न्हाय, खुपत न्हाय, नुसता हाय. आम्हाला तर तो दिसायचा बी बंद झालाय. पण बापाचा धंदा पडला फोटोचा, आणि स्थळाचा फोटो म्हटलं की बाबासोचा हात धरणारं अख्ख्या बावड्यात कोण न्हवतं. लगनाची पोरगी आली की हा आधी तिच्याभोवती एक चक्कर मारायचा, बाजारात म्हैस बघतात तसा. ठेंगणी असली की पाटावर उभी करायचा आणि साडीचा घोळ खाली सोडायचा. सावळी असली की एक दिवा जास्ती. दात पुढं असलं की, "हसू नको बाळ, नुसती हसल्यावानी कर." आणि मला म्हणायचा, "वैनी, झाकली मूठ सव्वा लाखाची." लग्नं जमायची, पोरींच्या आया पेढं आणून द्यायच्या. मग बोलतंय कोण?

लेकीच्या बाबतीत तर त्यानं मूठ कधी उघडलीच न्हाय. बालवाडीपासनं निशाचा जो फोटो निघाला तो उजव्या बाजूनं. शाळेचा असो न्हायतर वाढदिवसाचा, कॅमेऱ्यामागनं बाबासोचं एकच, "मान जरा तिकडं, बाळ." पोरगी इतकी शिकली की पुढं कॅमेरा नुसता दिसला तरी तिची मान आपोआप वळायची. तिच्या चोविसाव्या वर्षी त्यानं हिरव्या साडीतला असा काय फोटो काढला म्हणता! केस डावीकडं मोकळं सोडलेलं, उजेड सगळा उजवीकडनं. शोकेसात लावला. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची.

त्या फोटोवर स्थळ आलं. पावणं बसलं, पोहं खाल्लं, मग निशा चहा घेऊन आली. पोराची आई काय वाईट बाई न्हवती, मी समोरच बसलोतो. तिनं निशाकडं बघितलं, मग बाबासोकडं बघितलं आणि हळूच म्हणली, "फोटोत न्हवतं की हे." एवढंच. पाच मिनटात पावणं उठून गेलं. चहाच्या कपांवर साय धरली. निशानं कप उचललं, विसळलं, पालथं घातलं. तो फोटो मात्र शोकेसातच राहिला. काढला असता तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ही पोरगी माझ्या गिरणीसमोर रस्त्यावर पालथी पडलेली! मला वाटलं चक्कर आली. पळत गेलो, तर हिच्या हातात कॅमेरा आणि म्होरं एक खरजुलं कुत्रं.

"आगं बया! ऊठ, लोक काय म्हणतील?"

"काकू, बाजूला व्हा. तुमची सावली पडाय लागलीया."

"आणि कुत्र्याचा कसला गं फोटो?"

"ह्याला मान वळव म्हणायला लागत न्हाय," ती म्हणली आणि बटण दाबलं.

तिथनं जे सुरू झालं ते आज नऊ वर्षं चालूच हाय. लगनाबारशाचं काम करायचं, पासपोर्टची गिऱ्हाइकं सांभाळायची आणि उरला वेळ कुत्र्यांचा. गाडीखाली आलेलं, गटारीत पडलेलं, कुणीतरी हौसेनं पाळून मग नव्या कॉलनीत आणून सोडलेलं, सगळी हिच्याकडं. स्टुडिओच्या मागं परसात चार कुत्र्यांची जागा हाय, पाचवं घ्यायचं न्हाय, हा तिचा नियम. कुत्रं आणायचं, जनावरांच्या डॉक्टरकडनं बरं करायचं, लस टोचायची, नसबंदी करायची आणि मग चांगला फोटो काढून मोबाइलवर टाकायचा, की ह्याला घर पायजे. दोन महिन्यांत घर मिळालं तर मिळालं. न्हाय मिळालं तर जिथनं आणलं त्याच गल्लीत नेऊन सोडायचं, कारण तोवर दुसरं कुठलंतरी रस्त्यावर कण्हत पडलेलं असतंय. "काळजावर दगड ठेवायला लागतोय, काकू," असं म्हणायची. मी म्हणायचो, "तो दगड माझ्याकडं दे, मला कुत्री हाणायला होतोय." चिडायची न्हाय, नुसती हसायची.

फोटो काढायची तिची तऱ्हा बघायला रस्त्यात माणसं थांबतात. आधी पालथी पडायची. म्हणती, "माणसाच्या उंचीवरनं काढलं की कुत्रं भिकारी दिसतंय काकू, आणि कुत्र्याच्या उंचीवरनं काढलं की घरचं दिसतंय." तोंडात जोतिबाच्या जत्रंतली पिपाणी. पिपाणी वाजली की कुत्रं कान टवकारून बघतंय, तेवढ्यात हिचा फोटो झालेला असतोय. काळ्या कुत्र्यांची तेवढी अडचण. काळं कुत्रं फोटोत नीट दिसतच न्हाय, नुसतं दोन डोळं चमकतात, म्हणून त्याला कोण घेत न्हाय. त्यावर हिनं उपाय काढला तो माझ्या जिवावर. गिरणीतल्या पांढऱ्या पोत्यांम्होरं नेऊन बसवायची! "काकू, तुमच्या पिठाचा उजेड लई भारी पडतोय." एकदा एका काळ्यानं गिऱ्हाइकाच्या गव्हाच्या डब्यावर तंगडी वर केली. त्या दिवशी मी जे तोंड सोडलं, ते साखर कारखान्याच्या भोंग्यापेक्षा लांब गेलं असंल. पण माझ्या पोत्यांपुढं बसून सात काळी कुत्री घराला लागली, हे खोटं कसं म्हणू?

आणि घर द्यायचं म्हणजे नुसतं द्यायचं न्हाय. पोरगी देताना आपण घर बघायला जातो, तशी ही कुत्र्यासाठी घर बघायला जाती. सावली कुठं हाय, पाणी कुठं ठेवणार, गेट लागतंय का, गावाला सगळी गेल्यावर ह्याच्याजवळ कोण राहणार, म्हातारं होऊन आंधळं झाल्यावर काय करणार. साखळीचा शब्द निघाला की ही उठलीच. एकाला उसाच्या फडाला राखण पायजे हुती. "बांधून ठेवतो, रोज भाकरी टाकतो की," म्हणला. निशा म्हणली, "दादा, तुम्हाला बांधून रोज भाकरी टाकली तर चालंल?" तो माणूस तणतणत माझ्या कट्ट्यावर आला. त्याला चहा पाजून वाटंला लावला आणि हिला म्हटलं, "अगं, पोरगी देताना बी माणसं एवढी चौकशी करत न्हाईत."

"म्हणूनच, काकू," ती म्हणली.

तर अशात गेल्या साली दिवाळी झाल्यावर तांबी आली. तांबडी कुत्री म्हणून तांबी. तीन वर्षांची असंल. एका खानावळीच्या मागच्या दाराला खरकट्यासाठी बसायची, तिथं कुणीतरी तिच्यावर उकळतं पाणी फेकलं. ज्यानं फेकलं त्याचा हात... जाऊ दे, उगंच माझ्या तोंडाला शिव्या नकोत. निशानं तिला ओल्या ओढणीत गुंडाळून आणली. डावी बाजू, मानंपासनं मांडीपर्यंत, सोलून निघालती. डावा कान वाळल्या मिरचीवानी आखडून गेलता. दीड महिना औषधं चालली. जखम भरली, पण केस काय आलं न्हाईत, आणि डॉक्टर म्हणलं की आता येणार बी न्हाईत. नुसती गुलाबी, सुरकुतलेली कातडी.

परसात थंडी म्हणून ती दिवसा माझ्या गिरणीत येऊन पडायला लागली. चक्कीजवळ जमीन जरा ऊब धरती, तिथं. एवढ्या चक्कीच्या आवाजाला भ्यायची न्हाय, पण कुणी डबा ठेवताना झाकण वाजलं की कोपऱ्यात. बाईच्या हातात पातेलं दिसलं की जागच्या जागी मुतायची. मी रोज हाकलायचो. रोज "हाड" म्हणायचो, आणि रोज आवाज जरा बारीक व्हायचा. मग एक चतकोर भाकरी टाकायला लागलो. उरलेली, हां! मुद्दाम केलेली न्हवती.

संक्रांतीला तांबीचं दोन महिनं भरणार हुतं. तोवर घर मिळालं न्हाय तर तिला परत त्या गल्लीत, त्या खानावळीच्या दारात नेऊन सोडायचं. न्हायतर नियम मोडायचा आणि दुसऱ्या एखाद्या जखमी जिवाला दार बंद करायचं. मी ठेवून घ्यावी तर गिऱ्हाइकं आधीच नाकं मुरडत हुती, पिठात केस पडतील म्हणून. आणि मोबाइलवर तर गंमतच. तांबीचा फोटो टाकला की लोक 'अरेरे' लिहायचं, हात जोडल्याचं चित्र टाकायचं आणि फोन करून विचारायचं, "पांढरं पिल्लू हाय का?" अरेरेनं पोट भरत असतं तर तांबी आमच्या पंचगंगेतल्या म्हशीएवढी झाली असती.

आणि मग निशानं माती खाल्ली.

एका संध्याकाळी ती तांबीला कारखान्याच्या बाजूला उसाकडं घेऊन गेली. उसाला तुरं आलतं. मावळतीचं ऊन, तांबी उजव्या बाजूनं बसलेली, चांगला कान वर, अंगावर सोन्यासारखा उजेड. भाजल्याची खूण औषधाला सुद्धा दिसंना. तिनं फोटो बापाला दाखवला. बाबासोनं चष्मा वर सारला आणि खूश होऊन म्हणला, "व्वा! आत्ता जमला तुला स्थळाचा फोटो." मला तेव्हाच काळजात टोचलं. पण मी बी गप्प बसलो. कुत्री एकदाची जाती कुठंतरी, असं मनाला सांगत हुतो.

एका दिवसात बारा फोन. त्यातनं निशानं उदयसिंह म्हणून एकाचं घर निवडलं. नव्या कॉलनीत बंगला, बायको, दोन पोरी, दिवसा म्हातारं वडील घरात, अंगणात पेरूची सावली, साखळीचं नाव न्हाय. घर सोळा आणे. "जरा भाजलेली हाय हां," एवढं निशानं फोनवर सांगितलं. जरा! मग रिक्षातनं तांबीला नेली, पोरी शाळेत हुत्या तेव्हा, भाजलेली बाजू भिंतीकडं करून बसवली आणि "घाबरलीया, आज तिला हात लावू नका," असं सांगून आली. मला म्हणली, "एकदा जीव लागला की मग बघतील, काकू. मग काय वाटायचं न्हाय." मी म्हटलं, "व्हय, व्हय." मी तर अजून खुळी!

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारी दळत हुतो तर उदयसिंह कट्ट्याखाली उभा. हातात दोरी, दोरीला तांबी. निशा बाहेर आली. तो म्हणला, "ताई, फोटोत न्हवतं की हे."

मी चक्की बंद केली. नऊ वर्षांपूर्वी ऐकलेलं तेच वाक्य, अक्षराचा फरक न्हाय.

"जरा भाजलीया म्हणून सांगितलंतं मी," निशा म्हणली.

"जरा? निम्मं अंग हाय, ताई. पोरी शाळेतनं आल्या, पळत जवळ गेल्या, ही उठली आणि धाकटी किंचाळली. तिच्या किंचाळण्यानं ही थरथरायला लागली. सबंध रात दोघी भ्यालेल्या. मला भाजल्याचं काय न्हाय. आधी सांगितलं असतंसा तर पोरींना समजावून ठेवलं असतं. पण तुम्ही फसवलंसा." त्यानं दोरी कट्ट्यावर ठेवली, हात जोडलं आणि गेला. माणूस वाईट न्हवता हो, तेच तर दुखणं.

निशा खाली बसली. तांबी तिच्याजवळ सुद्धा थांबली न्हाय, गिरणीत घुसून पोत्यांमागं जाऊन बसली. "नऊ वर्षं मला ते वाक्य रोज ऐकू येतंय, काकू," निशा म्हणली, "आणि मीच हिच्यावर ते आणलं. मी!" स्टुडिओच्या दारात बाबासो उभा हुता. त्यानं सगळं ऐकलं, चौकट धरली आणि आत गेला.

दोन दिवस तांबीनं अन्नाला तोंड लावलं न्हाय. मी गरम भाकरी करून नेली. आता मुद्दामच केलती, बोला! दूध घालून कुस्करली. वास सुद्धा घेतला न्हाय. दुधानं तोंड पोळलं की ताक बी फुंकून पितात, आणि ही तर सगळीच पोळलेली. निशानं मोबाइलवर कुत्र्यांचं टाकायचं बंद केलं. पासपोर्टचं फोटो काढायची आणि आत जाऊन बसायची. संक्रांत आठ दिवसांवर.

तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. बाबासो कट्ट्यावर पेपर वाचत बसलता.

"बाबासो, तो पेपर ठेवा खाली. पोरीनं चूक केली ती कुणाकडनं शिकून केली?"

"वैनी..."

"वैनी न्हाय आणि फैनी न्हाय! झाकली मूठ, झाकली मूठ! काय हुतं त्या मुठीत? देखणी लेक हुती. कामाची, मायेची, मुक्या जिवाला जीव लावणारी. आणि तुम्ही तीस वर्षं तिची मान वळवत बसलासा. नऊ वर्षं त्या शोकेसात तिचा निम्मा चेहरा लावलायसा. रोज शटर उघडताना ती काय बघत असंल? की आपल्या बापाला आपली एकच बाजू पसंत हाय?"

बाबासोनं चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून बसला. म्हणला, "अंजना बी हेच म्हणायची." आणि उठून गेला. मग मात्र मला कसंतरीच झालं. जीभ हाय का कोयता, म्हणून माझं मीच मला फटकारलं. दिवसभर दळणात लक्ष लागलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी गिरणी उघडतो तर बाबासो दारात. मोतीबिंदू काढल्यापासनं चार वर्षं ह्या माणसानं कॅमेरा धरलेला न्हवता, आणि आता गळ्यात कॅमेरा. "वैनी, पोती जरा मागं सारा," म्हणला, आणि हाक मारली, "निशा, ये. तांबीला घेऊन बस."

"नुसता तिचाच काढा, पप्पा."

"दोघींचा."

तांबी काय लवकर बाहेर येईना. निशा पिठात मांडी घालून बसून राहिली. मी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. अर्ध्या तासानं पोत्यामागनं आधी नाक आलं, मग ती आली आणि निशाला टेकून बसली. भाजलेली बाजू बाहेर. बाबासो गुडघ्यावर बसला, मग हळूहळू, कण्हत, माझ्या गिरणीच्या जमिनीवर पालथा पडला. पासष्ट वर्षांचा माणूस! कॅमेरा डोळ्याला लावला आणि निशाची मान आपोआप वळली.

"न्हाय, बाळ," बाबासो म्हणला. "माझ्याकडं बघ. सरळ."

ती बघायला गेली आणि मान परत वळली. तीस वर्षांची सवय ती. पुन्हा सरळ केली, पुन्हा वळली. मला काय बघवंना. मग कट्ट्यावरची पिपाणी उचलली आणि बाबासोच्या मागनं अशी जोरात फुंकली की माझ्याच कानाला दडं बसलं. दोघी एकदम बघायला लागल्या. तांबीचा एक कान वर, आणि निशा माझं फुगलेलं तोंड बघून खळाळून हसली. तेवढ्यात फोटो झाला.

त्या फोटोखाली निशानं लिहिलं ते मला पाठ हाय: "ही तांबी. डावीकडं भाजलेली हाय. केस येणार न्हाईत. डावा कान आखडलेला हाय. भांडं वाजलं की भिती, पातेलं बघून मुतती. लस झाली, नसबंदी झाली. जीव लावला की जीव लावती. बाकी सगळं फोटोत हाय, नीट बघून मगच फोन करा."

पाच दिवस एकबी फोन आला न्हाय. संक्रांतीच्या दिवशी सकाळी निशानं दोरी काढली. मी गिरणीच्या दारात आडवी उभी राहिलो. "गिऱ्हाइकं तुटली तर तुटू देत, पर ही कुत्री त्या खानावळीच्या दारात जाणार न्हाय," असं म्हटलं आणि माझं मलाच नवल वाटलं. निशा बघतच राहिली. ती काय बोलणार तेवढ्यात मागनं कुणीतरी खाकरलं. उदयसिंह हुता. बरोबर धाकटी पोरगी, नवा फ्रॉक, हातात तिळगुळाचा डबा.

"ताई, फोटो बघितला," तो म्हणला. "हिनं बी बघितला. पाच दिवस रोज बघतीया. आता सगळं ठाव हाय आम्हाला. द्यालसा काय परत?"

पोरगी गिरणीत आली, तांबीपासनं दोन हातांवर उकिडवी बसली. डबा हळूच खाली ठेवला, न वाजवता. वाचून घेतलंतं ना! मग विचारलं, "हिला दुखतंय?"

"आता न्हाय," निशा म्हणली.

पोरीनं मान वर केली आणि निशाच्या गालाकडं बोट केलं. "आणि तुला?"

बाबासो दारात उभा हुता. निशा तिच्याम्होरं बसली, चेहरा सरळ तिच्याकडं केला आणि म्हणली, "मला बी न्हाय." पोरीनं तिच्या गालाला हात लावला, मग तोच हात तांबीच्या गुलाबी पाठीवर ठेवला. तांबी हलली न्हाय. शेपटी मात्र पिठात एकदा, दोनदा आपटली. मी पदर डोळ्याला लावला, आणि ह्यात लाजायचं काय कारण न्हाय.

तरी निशा ती निशाच! लगेच न्हाय दिली. "आठ दिवस रोज संध्याकाळी येऊन हिच्याजवळ बसा, मग बघू," म्हणली. उदयसिंह म्हणला, "ताई, माझ्या लगनात बी एवढं न्हवतं." पण आला, आठ दिवस, पोरीला घेऊन. माझा कट्टा आणि माझाच चहा. नवव्या दिवशी तांबी चालत गेली, कॉलनीपर्यंत. मागं वळून सुद्धा बघितलं न्हाय, बेइमान कुठली! आता दर रविवारी दळणाच्या डब्याबरोबर मला भेटायला येती. त्या दिवशी मी भाकरी मुद्दाम करतो, आणि ते आता सगळ्या गल्लीला ठाव हाय.

ती गेली त्याच दिवशी बाबासोनं शोकेस उघडलं. हिरव्या साडीतला फोटो काढला आणि पिठातला लावला. निशानं बघितलं आणि काच पुसली.

परवा एक आई लगनाच्या पोरीला घेऊन आली. पोरगी सावळी, दात जरा पुढं. आई म्हणली, "मामा, स्थळाला पाठवायचाय. जरा बरी दिसंल असा काढा." बाबासोनं शोकेसाकडं बोट केलं. "ती माझी लेक, आणि ती तांबी. आमच्यात आता असलेच निघतात." आईनं तोंड वाकडं केलं आणि निघायला लागली. पोरगी मात्र हलंना. काचेजवळ उभी राहून बघत हुती, निशाचा गाल, तांबीचा कान, सगळं. मग दात दाखवून अशी हसली आणि म्हणली, "आई, माझा असलाच काढायचा."

"वैनी," भिंतीपलीकडनं बाबासोची हाक आली, "पिपाणी घेऊन या!"

मी चक्की बंद केली आणि गेलो.